रोलरला आणि ब्रशला लांब दांडा कसा जोडायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आधीचा महिना आणि लग्नसराई, या दोन्ही दिवसांत आमच्या रंगाच्या दुकानात रोज कोणीतरी रोलर हातात घेऊन येतं आणि विचारतं, "ह्याला काठी कशी लावायची हो?" वडील रंगारी होते, मीही पंधरा वर्षं हेच काम केलं आणि मग दुकान टाकलं. काउंटरवर घाईत सांगताना अर्धं राहून जातं. म्हणून लोक जे जे विचारतात ते इथे सावकाशीने लिहिलं आहे.

घरात शिडी आहे, घोडाही आहे. मग दांडा कशाला?

दहा बाय बाराच्या खोलीचं छत घोड्यावरून, म्हणजे रंगाऱ्याच्या उंच स्टुलावरून, रंगवून बघा. एका जागेवरून हात पुरतो तीन-साडेतीन फूट. मग खाली उतरा, घोडा सरकवा, ट्रे उचला, परत चढा. रंगाच्या एका हाताला पंधरा-वीस वेळा चढउतार होते. शिवाय प्रत्येक वेळी आधीच्या पट्ट्याची कड सुकलेली असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी उजेडात छतावर चौकोन दिसतात. दांड्याने तुम्ही चालत चालत सलग पट्टा ओढता आणि ओल्यावर ओलं बसतं. छताचं काम चांगलं दिसण्यामागे अर्धं कारण हेच असतं.

दुसरं कारण माझ्या घरातलं आहे. वडील जिन्यातली भिंत रंगवताना पडले. शिडीचा एक पाय वरच्या पायरीवर होता, दुसऱ्याखाली विटा रचल्या होत्या. उंची आठ-नऊ फूटच असेल. उजवं मनगट मोडलं. पुढे ते कामावर गेले, पण त्या हाताने पूर्वीसारखी सरळ कटिंग, म्हणजे कडेने ब्रशची रेघ, त्यांना कधी मारता आली नाही. तेव्हापासून जे काम जमिनीवर उभं राहून होतं ते वर चढून करायचं नाही, हा आमच्या घरातला नियम आहे.

मात्र पंख्याच्या हुकाभोवतीची, पीओपीच्या पट्टीलगतची, स्विचबोर्डाजवळची कटिंग दांड्याने नीट होत नाही. त्यासाठी घोडा लागणारच. आधी घोड्यावरून चहूबाजूंनी तीन-चार इंचांची पट्टी ब्रशने काढून घ्या, मग घोडा खोलीबाहेर ठेवा आणि मधलं सगळं रोलरने करा.

दांडा किती लांब घ्यावा?

छतासाठी सोपा हिशोब असा की छताच्या उंचीतून चार फूट वजा करायचे. फ्लॅटचं छत साधारण दहा फुटांवर असतं, त्याला सहा फुटांचा दांडा बरोबर होतो. जुन्या वाड्यात किंवा कौलारू घराच्या ओटीवर चौदा फूट असेल, तर दहा-साडेदहा फूट. भिंतीसाठी तीन-चार फूट पुरतात. तेवढ्यात खालच्या पट्टीपासून वरपर्यंत न वाकता आणि न ताणता हात जातो.

"जास्त लांब घेतला तर बिघडलं कुठे?" असं लोक विचारतात. बिघडतं. रंगात भिजलेला नऊ इंची रोलर हातात हलका वाटतो, पण तोच आठ फुटांवर धरला की मनगटाला कितीतरी जड लागतो. शिवाय लांब दांड्याचं मागचं टोक तुमच्या पाठीमागे फिरत असतं, आणि आपण बघत असतो वर. मागच्या टोकाने शोकेसची काच आणि ट्यूबलाइट फुटलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. कमी-जास्त होणारा दांडा असेल तर खोलीप्रमाणे लांबी बदला. एकच घ्यायचा असेल तर चार ते आठ फुटांमध्ये उघडणारा घरकामाला पुरतो.

बांबू चांगला, अॅल्युमिनियमचा की फायबरचा?

घरातल्या एखाद्या खोलीसाठी बांबूला तोड नाही. हलका असतो, वाकला तरी परत सरळ होतो, आणि मोडायच्या आधी चरचरून सांगतो. कोकणात माणगा नावाचा बांबू मिळतो, सिंधुदुर्गात तर बांधाबांधावर असतो. तो जवळजवळ भरीव असतो, म्हणून त्याच्या टोकाला स्क्रू धरतो. विदर्भातला मानवेलही तसाच, भरीवकडे झुकणारा. पुण्यात असाल तर बुरूड आळीत जाऊन हाताने निवडून घ्या. काठी डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघा. थोडा बाक चालतो, पण दोन दिशांना वळलेली काठी घेऊ नका, रोलर दाबला की ती हातात फिरते. हिरवा बांबूही नको. तो सुकताना बारीक होतो आणि आज घट्ट बसवलेला जोड आठ दिवसांत खुळखुळायला लागतो.

अॅल्युमिनियमचा दांडा लांबी बदलायला सोयीचा आणि वर्षानुवर्षं टिकणारा. पण त्यातून वीज वाहते. घराच्या आत काम करताना मेन स्विच बंद करून तो वापरा, बाहेरच्या भिंतीसाठी मात्र मी तो कोणाला देतच नाही. फायबरग्लासचा दांडा महाग आणि थोडा जड, पण कोरडा आणि स्वच्छ असेल तर वीज वाहू देत नाही. रोजचं काम करणाऱ्या रंगाऱ्याने त्यावर पैसे घालावेत असं मला मनापासून वाटतं.

माझ्या रोलरला दांडा बसेल की नाही हे कसं कळणार?

रोलरची मूठ उलटी करा आणि बुडाशी बघा. तिथे तीन प्रकार दिसतात.

बूड बंद असेल तर तो रोलर हातानेच वापरायचा. त्याला काठी बांधता येते, पण ते नाइलाजाचं काम आहे. नवा रोलर घेणं स्वस्त पडतं.

भोक असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून आत बघा. आतली भिंत गुळगुळीत आणि आत जाताना निमुळती होत असेल, तर काठी दाबून बसवायची. आत गोल फिरत गेलेल्या खाचा दिसल्या तर ते आटे आहेत. टॉर्च नसेल तर करंगळी घालून फिरवा, लगेच कळतं. कितीतरी लोक आट्याच्या मुठीत साधी काठी ठोकून ठोकून आटे मोडून टाकतात आणि मग तक्रार घेऊन येतात.

आटेवाल्या मुठीसाठी दांडा घ्यायला जाताना रोलर सोबत न्या. दुकानातच फिरवून बघा. परदेशातून कोणी दांडा आणून दिला असेल तर विशेष काळजी घ्या. अमेरिकेत पाऊण इंच जाडीचा आणि इंचाला पाच फेरे असलेला रुंद आटा चालतो, युरोपात बऱ्याच ठिकाणी नुसता दाबून बसवायचा निमुळता दांडा असतो. आपल्याकडे बाजारात दोन्ही जातींचा माल मिसळलेला आहे, म्हणून नुसत्या नजरेवर विश्वास ठेवू नका.

आटे फिरवतो, पण दांडा तिरकाच बसतो. काय चुकतंय?

आटा आट्यावर चढला आहे. जोर लावू नका. दांडा पूर्ण काढा, मुठीत सरळ धरा आणि आधी उलटा फिरवा, म्हणजे सोडवायच्या दिशेने. अर्ध्या-एका फेऱ्यात हाताला "टक" असं हलकं जाणवेल. आट्याचं तोंड आट्यात पडलं याची ती खूण. आता सुलटा फिरवा, लोण्यासारखा जाईल. पाण्याच्या नळाला, गॅसच्या शेगडीला, कुठल्याही आट्याला ही युक्ती चालते.

सुकलेला रंग आट्यात अडकला असेल तर जुना टूथब्रश आणि कोमट पाण्याने काढा. ऑइल पेंट असेल तर टर्पेंटाइन लागेल.

आटे नाहीत, नुसतं भोक आहे. काठी पक्की कशी बसवू?

या प्रश्नाचं उत्तर मी सगळ्यात जास्त वेळा देतो, आणि लोक घाई करतात तीही इथेच. भोकात कागद कोंबून काठी ठोकली की पाच मिनिटं बरं चालतं. मग रोलर रंग पितो, जड होतो आणि छतावर दाब दिला की मूठ फिरते. त्यानंतर रोलर रंगासकट खाली येतो.

बांबू असेल तर आधी कुठे कापायचा ते ठरवा. टोक गाठीच्या जरा पुढे, बोटभर अंतरावर यायला हवं. गाठीशी बांबू आतून बंद आणि टणक असतो, तिथे तो चिरत नाही. पोकळ भागावर कापलात तर पहिल्याच स्क्रूला उभी चीर पडेल. तसाच कापावा लागला तर पोकळीत लाकडाची गुल्ली ठोकून बसवा आणि वरून बारीक तारेचे पाच-सहा घट्ट वेढे द्या.

मग टोक कोयत्याने किंवा सुरीने हळूहळू तासा. भोक जितकं खोल आहे तितकाच भाग निमुळता करा. मधून मधून मुठीत घालून बघा. काठी जिथे घासते तिथे तिच्यावर प्लॅस्टिकची चमक उमटते, फक्त तेवढीच जागा तासायची. हाताने पिळत पिळत काठी पाऊण आत जावी आणि शेवटचा पाव भाग जमिनीवर दोन-तीनदा आपटल्यावर बसावा. आपटताना काठीचं मोकळं टोक खाली असू द्या आणि रोलर वर. रोलरवर हातोडी मारू नका, सळई वाकते.

काठी थोडी बारीक राहिली तर कापडापेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बरी. ताणून एक वेढा द्यायचा. रबर दाबलं की धरून ठेवतं, कापड ओलं झालं की घसरतं.

शेवटी मुठीच्या बाजूने दोन छोटे स्क्रू द्या. एक या बाजूने, दुसरा त्याच्याशी काटकोनात आणि अर्धा-पाऊण इंच खाली. आधी बारीक बिटने भोक पाडून घ्या, नाहीतर प्लॅस्टिक तडकतं. एकाच स्क्रूवर ठेवलेली मूठ त्या स्क्रूभोवती डोलते. दोन स्क्रू झाले की जोड मेला. "मेला" म्हणजे आमच्या भाषेत हलायचा थांबला.

काम करता करता जोड सैल होतोय हे वेळेत कसं ओळखावं?

जोड घट्ट केल्यावर पेनने एक रेघ अशी मारा की अर्धी मुठीवर येईल आणि अर्धी दांड्यावर. दर वेळी ट्रेमध्ये रोलर बुडवताना नजर टाका. दोन्ही तुकडे एका रेषेत असतील तर ठीक, सरकले असतील तर थांबा आणि घट्ट करा. आटेवाला दांडा काम करताना नकळत पिळला जातो आणि थोडा थोडा सुटतो. आटे आणि मूठ यांच्यामध्ये रबरी वायसर घातला तर हे बरंच कमी होतं.

ब्रशला दांडा कसा बांधू? त्याला तर भोकच नसतं.

पट्टी ब्रशच्या मुठीला खिळ्यावर अडकवायचं भोक असतं, ते बांधायला वापरू नका. तिथे बांधलेला ब्रश घड्याळाच्या लोलकासारखा हलतो. मूठ काठीला किमान दोन ठिकाणी टेकली पाहिजे आणि दोन बांधण्यांमध्ये निदान दोन-अडीच इंच अंतर पाहिजे.

काठीच्या टोकाशी चार इंचांचा भाग एका बाजूने सपाट तासा, म्हणजे ब्रशची मूठ त्यावर बसेल. पुन्हा सायकलच्या ट्यूबची एक सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या, ताणून ताणून आठ-दहा वेढे द्या, आणि शेवटच्या वेढ्याखाली टोक खोचा. सुतळी ओली-सुकी होताना ढिली पडते, रबर पडत नाही. होज क्लिप मिळत असेल तर दोन क्लिपा लावा, काम लवकर होतं.

छताच्या कडेला ब्रश सरळ रेषेत धरला तर केस छताला टोचतात आणि फाकतात. ब्रश काठीशी तिरपा हवा, साधारण चाळीस-पंचेचाळीस अंशांत. त्यासाठी मुठीखाली लाकडाची पाचर ठेवून बांधा. कोन बदलता येणारा तयार अडॉप्टरही मिळतो. त्याच्या जबड्यात ब्रश धरायचा आणि पंख्याच्या आकाराच्या नटाने कोन पक्का करायचा. हे अडॉप्टर घेताना जबड्याच्या आत रबर आहे ना, एवढं बघून घ्या.

हा दांड्याचा ब्रश खिडकीच्या वरच्या छज्ज्यासाठी, माळ्याच्या मागच्या कोपऱ्यासाठी, जिन्यातल्या उंच कडेसाठी फार उपयोगी. सुरेख सरळ रेघेची अपेक्षा मात्र त्याच्याकडून ठेवू नका.

भिंतीवर चित्रं काढायची आहेत. लांब काठीने रेषा सरळ येते का?

शाळेच्या भिंती रंगवणारी मुलं हे विचारतात, आणि मला हा प्रश्न आवडतो. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस हेच करत असे. अमेरिकेतल्या बार्न्स फाउंडेशन या कलासंग्रहासाठी त्याने 1931 ते 1933 मध्ये कमानींखालचं नर्तकांचं प्रचंड भित्तिचित्र केलं, तेव्हा लांब बांबूच्या टोकाला कोळसा बांधून आकृत्या रेखल्या. पुढे 1948 ते 1951 या काळात फ्रान्समधल्या व्हान्स गावातल्या चॅपेलचं, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराचं, काम करतानाही तो तसंच काढायचा. तेव्हा तो ऐंशीच्या आसपास होता आणि आजारपणामुळे फार वेळ उभं राहणं त्याला शक्य नव्हतं. त्याच्या हातात बांबूची काठी असलेले फोटो आहेत, जरूर बघा.

काठी मनगटाने हलवायची नाही, खांद्यापासून हलवायची. आधी जुन्या वर्तमानपत्रांचे ताव भिंतीला लावून अर्धा तास नुसती मोठी वर्तुळं काढा. चित्रापासून चार-पाच फूट लांब उभं राहिल्यामुळे आकृतीचं प्रमाण बिघडतंय का ते काढतानाच दिसतं, हा मोठा फायदा.

पुट्टी घासायलाही दांडा लावता येतो का?

येतो. सपाट पाट्याला काचकागद लावायचा आणि मधल्या फिरत्या सांध्याला दांडा. धूळ थेट तोंडावर येते, म्हणून चष्मा आणि मास्क लावल्याशिवाय सुरू करू नका. घर जुनं असेल आणि भिंतीवर, दारांवर जुना ऑइल पेंट असेल, तर कोरडं घासूच नका. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. पाणी लावून घासा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत दुसरीकडे पाठवा.

रंग कोपरापर्यंत ओघळतो आणि तोंडावर उडतो.

रोलरच्या बरोबर खाली उभे राहू नका, दोन-तीन फूट मागे राहून दांडा तिरका धरा. रोलर ट्रेच्या जाळीवर पाच-सहा वेळा फिरवून निथळा. जोराने फिरवलात तर शिंतोडे उडतात, म्हणून हात सावकाश. मुठीच्या खाली दांड्याला जुन्या बनियनचा पट्टा गुंडाळा, ओघळ तिथेच जिरतो. ब्रशसाठी करवंटीला भोक पाडून ती मुठीवर उताणी बसवा, थेंब वाटीत राहतात.

चुन्यासाठीही हेच सगळं?

जोडण्याची पद्धत हीच. पण चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो, दृष्टीही जाऊ शकते. बाजूने बंद असलेला चष्मा लावल्याशिवाय वर बघून चुना लावू नका. गेलाच तर चोळू नका, स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पापणी उघडी धरून किमान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा, आणि मग तडक दवाखाना. डोळा धुण्यातला वेळ रिक्षा शोधण्यात घालवू नका. पाण्याची भरलेली बादली आणि तांब्या आधीच जवळ ठेवावा.

कमी-जास्त होणारा दांडा दाब दिला की आत सरकतो.

बहुतेक वेळा आतल्या नळीवर पुट्टीची धूळ किंवा रंगाचा पापुद्रा बसलेला असतो. दांडा पूर्ण उघडा, ओल्या फडक्याने पुसा, कोरडा करा, मग पिळा. तेल अजिबात घालू नका. पिळून घट्ट होणारा दांडा घर्षणावरच उभा असतो, तेल घातलं की तो कधीच धरत नाही. दोन्ही नळ्या एकमेकींत निदान फूटभर राहतील एवढंच उघडा.

बाहेरची भिंत रंगवायची आहे आणि जवळून विजेची तार जाते.

तर आधी थांबा. घरात येणारी सर्व्हिस वायर असो की खांबावरून जाणारी तार, काळं आवरण दिसलं म्हणून ती सुरक्षित आहे असं समजू नका. उन्हा-पावसाने ते आवरण फुटलेलं असतं. दांडा पूर्ण उघडून आडवा पडला तर तारेपर्यंत पोहोचेल का, हे जमिनीवरून मोजा. तारेपासून निदान दहा फूट मोकळे राहिले पाहिजेत. राहत नसतील तर महावितरणच्या जवळच्या कार्यालयात अर्ज करून पुरवठा बंद करून घ्या आणि मगच काम करा. उच्च दाबाची लाइन असेल तर तुम्ही हात घालूच नका. ओला बांबूही वीज वाहून नेतो. "बांबू आहे, काही होत नाही" असं म्हणत पावसाळ्याच्या तोंडावर काम उरकणारे लोक बघितले की माझा जीव वर-खाली होतो.

मान आणि खांदे भरून येतात.

दोन हातांमध्ये दोन फूट अंतर ठेवा. वरचा हात फक्त दिशा देतो, जोर खालच्या हाताने लावायचा. हात खांद्याच्या वर नेऊ नका, त्याऐवजी एक पाऊल पुढे-मागे व्हा. वीस मिनिटांनी थांबून खाली बघायचं काम करा, स्कर्टिंगची पट्टी वगैरे.

काम झाल्यावर दांडा कसा ठेवायचा?

रोलर काढून ठेवा, जोडलेला ठेवू नका. आट्यात रंग सुकला की दोन्ही एकजीव होतात आणि पुढच्या वर्षी करवत लागते. अॅल्युमिनियमचा दांडा पुसून, पिळ सैल करून ठेवा. बांबू भिंतीला टेकवून उभा ठेवला तर वाकतो, म्हणून तो आडवा ठेवा, दोन-तीन ठिकाणी टेकू देऊन, सावलीत. पावसाळ्यानंतर वापरायच्या आधी टोकाशी पांढरी भुकटी पडली आहे का बघा. पडली असेल तर आत भुंगा लागला आहे, ती काठी चुलीत घाला आणि नवी आणा.